लाखाचे बक्षीस आणि आठ तासांची बैठक

कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले, की तो बोनस, महागाईभत्ता आणि संप यांवरच बोलणार असे श्रोते धरून चालतात. आम्ही आज बसण्याच्या सामानावर, हातातल्या हत्यारावर आणि ती कशी असावी हे ठरवण्यासाठी लावलेल्या एका स्पर्धेवर बोलणार आहोत. विषय वरवर पाहता सुताराचा आहे. परंतु तो शेवटी मजुरीपाशीच येऊन थांबतो, हे श्रोत्यांच्या ध्यानात येईल. आमचे शालेय शिक्षण बेताचे. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटातले आणि नंतर गावोगावच्या वाचनालयांतले. तेव्हा पंडिती मांडणीची अपेक्षा कोणी करू नये.

आरंभ थोडा दुरून करतो. जपानच्या उत्तरेस होक्काइदो नावाचे बेट आहे. तेथे दाइसेत्सु पर्वताच्या पायथ्याशी हिगाशिकावा नावाचे एक लहान गाव आहे. लोकवस्ती आठ हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढीच. शेजारचे आसाहिकावा शहर लाकूडसामानासाठी प्रसिद्ध आहे, आणि या गावातही अनेक सुतारशाळा आहेत. या गावाने २००६ पासून एक रीत स्वीकारली. गावात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला गावातर्फे एक लहानशी लाकडी खुर्ची द्यावयाची. पुढे २०२१ पासून केन्गो कुमा या नामांकित वास्तुकाराच्या साहाय्याने विद्यार्थ्यांसाठी लाकूडसामानाच्या रचनेची स्पर्धाही त्या गावाने सुरू केली. एवढ्याशा खेड्याने जगभरच्या विद्यार्थ्यांना विचारावे की, बाबांनो, माणसाने कशावर बसावे, हे मोठे कौतुकाचे आहे.

हे ऐकून कोणी म्हणेल, 'तो जपान. आमच्या वर्ध्यात असले काही कधी झाले आहे काय?' आमचे उत्तर असे, की या प्रश्नाचा ध्यास वर्ध्याने त्या गावाच्या पुष्कळ आधी घेतला होता. आपण तो विसरलो, इतकेच.

पूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या सामान्य घरात सामान असे ते किती? जेवायला पाट, पूजेला चौरंग, निजायला सुतळीची बाज, लेकराला पाळणा, आणि अंगणात बंडी. सुतार, ज्याला आपल्याकडे वाढई म्हणतात, तो वाकस, पटाशी, रंधा आणि करवत एवढ्या हत्यारांवर हे सारे करी. सागवान दारांना, बाभूळ बंडीच्या चाकांना. सुपे, टोपल्या, तट्टे ही बुरुडाची कामे. यांतली कोणतीही वस्तू कोणा एकाने योजली, असे सांगता येत नाही. बाज मोडली की तिची सुतळी ताणून पुन्हा विणता येते. हा गुण तिच्यात कोणी घातला? शेकडो वर्षे निजणाऱ्यांनी आणि विणणाऱ्यांनी मिळून घातला. १९५८ साली चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यात त्यांनी आपल्या साध्या तांब्याची थोरवी गाइली, आणि असा तांब्या कोणी एक माणूस बसल्या जागी योजू शकणार नाही, असेच त्यांचे म्हणणे होते. त्या अहवालातूनच १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

या घरगुती सामानातच एक वस्तू चरखा. तिच्यासाठी १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने एक स्पर्धा जाहीर केली. बक्षीस होते एक लाख रुपये. त्या काळच्या सरकारी दराने एवढ्या पैशांत चार हजार तोळ्यांहून अधिक सोने आले असते. जो कोणी सुधारलेला चरखा करून दाखवील त्याला ही रक्कम मिळावयाची होती. मुदत ३० ऑक्टोबर १९३०. यंत्र स्पर्धकाने स्वखर्चाने साबरमतीच्या आश्रमात पाठवावे, असा नियम होता.

या स्पर्धेच्या अटी आम्ही अनेकदा वाचल्या आहेत. पहिल्याने वाचल्या तेव्हा यंत्राच्या अटी वाटल्या. पुढे कामगारांचे करारनामे लिहिता लिहिता कळले, की या कामाच्या अटी आहेत. चरखा हलका, उचलून नेण्याजोगा असावा. तो खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने स्वाभाविक रीतीने चालवता यावा. बाईमाणसाला तो आठ तास बेताच्या श्रमात चालवता यावा. त्यातून १२ ते २० नंबरचे सूत ठराविक प्रमाणात निघावे. किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये. वेळच्या वेळी दुरुस्ती केल्यास तो वीस वर्षे तरी टिकावा, आणि त्या दुरुस्तीचा वार्षिक खर्च किंमतीच्या शेकडा पाच टक्क्यांहून अधिक होऊ नये. तो हिंदुस्थानात बनवता यावा. बक्षीस घेणाऱ्याने आपला हक्क चरखा संघाच्या स्वाधीन करावा.

श्रोत्यांनी क्षणभर विचार करावा. त्या काळी यंत्र म्हटले की लोक विचारीत, माल किती निघतो? आपल्या भागातही असेच चालले होते. १८६७ साली नागपूरपर्यंत रेल्वे आली. १८७७ साली नागपुरास एम्प्रेस मिल सुरू झाली. मागोमाग हिंगणघाट आणि पुलगाव येथे गिरण्या उभ्या राहिल्या. त्या गिरण्यांत साच्याला माणूस जुळवीत. साचा ज्या उंचीचा, त्या उंचीचा कामगार शोधावयाचा. पोर लहान असले तर त्याला पेटीवर उभे करावयाचे. येथे मात्र प्रथमच कोणी लिहून ठेवले, की यंत्र बाईला जुळले पाहिजे. बाईने यंत्राला जुळवून घ्यावे असे नव्हे. आठ तास, बेताचे श्रम, झोपडीची जागा, गावातली दुरुस्ती. एवढे चार शब्द कोणत्याही कारखान्याच्या दारावर लावण्याजोगे आहेत.

मग बक्षीस कोणाला मिळाले? कोणालाच नाही. यंत्रे आली, त्यांची तपासणी झाली. आपल्या महाराष्ट्रातून किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात काळे यांनी तयार केलेल्या चरख्याची पुष्कळ चर्चा झाली. परंतु सगळ्या अटींना पुरून उरणारे यंत्र मिळाले नाही. जे वेगाने चाले ते झोपडीत मावेना किंवा गावात दुरुस्त होईना. जे दुरुस्त होई ते वेगाने चालेना. लाखाची थैली तशीच राहिली.

काही जण यावरून स्पर्धेची थट्टा करतात. आम्हांस ते पटत नाही. प्रश्न नीट मांडला गेला, हे अर्धे काम होते. उरलेले अर्धे काम ज्या गावात झाले ते आपले वर्धा. म्हणून हा इतिहास आपला आहे.

गांधी १९३० साली साबरमती सोडून मिठाच्या सत्याग्रहास निघाले, ते पुन्हा तेथे राहावयास गेले नाहीत. त्यानंतर त्यांचा मुक्काम वर्ध्याकडे आला. १९३४ च्या डिसेंबरात येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत त्याचे ठाणे झाले, आणि मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. जे. सी. कुमारप्पा हे चिटणीस. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे आणि न्यूयॉर्कात अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेला हा माणूस येथे तेलाचा घाणा, हातकागद आणि मधमाश्या यांचे हिशेब मांडीत बसला.

मगनवाडीची रीत स्पर्धेहून वेगळी होती. येथे बक्षीस नव्हते, सुतारशाळा होती. झवेरभाई पटेल यांनी घाण्याची लाकडी बांधणी सुधारून जो घाणा उभा केला तो देशभर 'वर्धा घाणा' म्हणून ओळखला गेला. रॉकेलऐवजी गावच्या तेलावर जळणारा 'मगन दीप' येथलाच, धूर बाहेर काढणारी 'मगन चूल' येथलीच. चरख्यातही भर पडत गेली. पायाने चालणारा दोन चात्यांचा मगन चरखा प्रभुदास गांधींचा. पेटीत मिटून नेता येणाऱ्या चरख्याला येरवड्याच्या तुरुंगाचे नाव मिळाले. पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन, ज्यांना येथे भारतानंद म्हणत, त्यांनी धनुष्य-तकली काढली. ती बांबू आणि दोरी यांवर चाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले गेले. ते आजही उभे आहे. शाळेची सहल तेथे जाते. जिनिंगमधल्या बाईची सहल मात्र तेथे गेलेली आम्ही पाहिली नाही.

लाखाच्या स्पर्धेने एकदम एक संपूर्ण यंत्र मागितले. मगनवाडीने कामाजवळ बसून थोडे थोडे बदलले. घाण्याची लाट जड झाली तर बैल सांगतो, चाते हलू लागले तर कातणारी सांगते. सांगणारा जवळ असला आणि ऐकणारा सुतार असला म्हणजे सुधारणा होते. स्पर्धेच्या जाहिरातीत कातणारी बाई अट म्हणून हजर आहे. परीक्षक म्हणून ती नाही. आमच्या मते उणीव असलीच तर ती येथे होती.

आता मजुरीकडे येतो. चरखा अधिक सूत देईना, तर मग कातणारीच्या हाती पडावे काय? १९३५ साली गांधींनी स्वतःच्याच संघापुढे हा प्रश्न ठेवला. खादी स्वस्त विकता यावी म्हणून कातणारीला अगदी अल्प मजुरी द्यावयाची, हे त्यांना सोसेना. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, असे त्यांचे मागणे होते. कार्यकर्ते घाबरले. खादी महाग होईल, खपणार नाही, अशी त्यांची भीती होती, आणि ती सर्वस्वी खोटीही नव्हती. अखेर त्या वर्षीच्या ऑक्टोबरात चरखा संघाने ठराव केला. त्यात आठ आणे नव्हते. परंतु त्यात एक सूत्र होते. आठ तासांच्या चांगल्या कामावर एवढी मजुरी मिळावी, की जिच्यात शास्त्रीय प्रमाणाने ठरवलेला किमान आहार आणि वर्षाला वीस वार कापड भागेल.

कामगार चळवळीतल्या आमच्या बंधूंना आम्ही विचारतो, हे सूत्र ओळखीचे वाटते काय? १९५७ साली दिल्लीच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे सूत्र ठरवले. त्यात एका कमावत्यामागे तीन माणसांचा खर्च धरला, आहाराचे उष्मांक मोजले, आणि कापड धरले दरडोई वर्षाला अठरा वार. आम्ही मंडळी आजही वेतनाच्या वाटाघाटीत या १९५७ च्या ठरावाचा आधार घेतो. परंतु आहार आणि वारांत मोजलेले कापड यांवर मजुरी बांधण्याची ही कल्पना त्याच्या बावीस वर्षे आधी चरखा संघाने कातणाऱ्या बायांसाठी लिहून ठेवली होती. किमान वेतनाचा कायदा १९४८ सालचा. तोही तेरा वर्षांनी मागाहून आला. आणि हा ठराव कोणा युनियनने लढून घेतलेला नव्हता. कातणाऱ्यांची युनियन नव्हतीच. नालवाडीस विनोबा त्या काळी स्वतः सूत कातून, त्या मजुरीत पोट भरते काय याचा प्रयोग करीत होते. तो प्रयोग ज्याने केला त्याला मजुरीचा दर समजावून सांगावा लागत नाही.

शाळेचा प्रश्न याच गावी निघाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सात ते चौदा वर्षांच्या मुलांना सक्तीचे, मोफत, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तव्यवसायाभोवती शिक्षण, ही ती वर्धा योजना. व्यवसायांत सूतकताई-विणकाम, सुतारकाम, शेती, फळे व भाजीपाला, चामड्याचे काम असे पर्याय होते. साडेपाच तासांच्या शाळेत हस्तव्यवसायाला तीन तास वीस मिनिटे दिली होती. सेवाग्रामला आर्यनायकम् व आशादेवी यांनी ही शाळा चालवली. जपानच्या त्या गावी विद्यार्थी कागदावर खुर्ची काढतात. येथे विद्यार्थ्याने आधी लाकूड हाती घ्यावे, मग गणित त्यातूनच शिकावे, अशी कल्पना होती.

या योजनेवर त्याच परिषदेत प्रा. के. टी. शहा यांनी हरकत घेतली होती. मुलांच्या हातचा माल विकून शाळा चालवाल तर तो माल गावच्या कारागिराशी स्पर्धा करील. ज्या वाढयाचा मुलगा शाळेत आहे त्याच वाढयाचे पोट मारले जाईल. कामगार म्हणून आम्हांस ही हरकत रास्त वाटते. मुलाने करावे ते शिकण्यासाठी. विकण्याचा भार त्याच्या खांद्यावर नको. परंतु म्हणून मुलाच्या हातातून पटाशीच काढून घेतली, हेही बरे झाले नाही. आज आमची पोरे पदव्या घेऊन येतात आणि मोडका स्टूल दुरुस्त करावयास बाजारात माणूस शोधतात.

सेवाग्रामच्या बापू कुटीत आपण सारे गेलो आहोत. माती, बांबू, लाकूड, वर कवेलू. भिंतीवर मीराबेनने काढलेली ताडाची झाडे आणि चरखा. आत खुर्ची नाही. चटई, लोड आणि ठेंगणे लाकडी मेज. १९७८ साली इव्हान इलिच या युरोपीय विचारवंताने या कुटीत बसून तिच्यावर एक भाषण लिहिले आणि घर कशाला म्हणावे याचा धडा तिच्यापासून घेतला. आम्हांस मात्र तेथे एक वेगळा विचार सुचतो. ज्याने स्वेच्छेने जमिनीवर बसावे त्याची ती साधना. ज्याला दुसरे काही दिलेच नाही म्हणून जमिनीवर बसावे लागते, त्याची ती साधना नव्हे. या दोन बसण्यांत घोटाळा करू नये.

१९४८ च्या कारखाना कायद्यात ४४ वे कलम होते. ज्या कामगारांना उभ्याने काम करावे लागते त्यांना, कामात खंड न पडता संधी मिळेल तेव्हा बसता यावे, म्हणून बसण्याची योग्य सोय ठेवावी, असे ते कलम सांगे. दुकानांत साड्या दाखवीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींसाठी केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली बसण्याचा हक्क कायद्यात घातला. बसण्यासाठी कायदा करावा लागतो, यावरून सामानाचा प्रश्न कोणाचा आहे हे ध्यानात यावे.

एका कारखान्यात आम्ही या कलमाचा आधार घेऊन बायांसाठी बसण्याची सोय मागितली होती. 'बसल्या की डुलक्या घेतात,' असे उत्तर प्रथम मिळाले. पुष्कळ लिहालिही झाली, तेव्हा लोखंडी स्टुले आली. उंच, गोल, थंडगार. बायांचे पाय जमिनीस टेकत ना, लुगडे सावरता येत ना. महिन्याभरात त्या स्टुलांवर जेवणाचे डबे बसले, आणि बाया पूर्ववत पालथ्या डब्यांवर. एक वयस्क बाई म्हणाली, "दादा, डबा बरा. ठेंगना असते, अन् मांडी घालता येते." कायदा पाळला गेला होता, तपासनिसाला स्टुले दाखवता येत होती, बसण्याची सोय मात्र झाली नव्हती. ज्या कोणी ती स्टुले पसंत केली, त्याने त्या बाईस एक प्रश्न विचारला असता तर पैसा तेवढाच लागला असता.

म्हणून आम्ही येथे एक सूचना मांडतो. वर्धा जिल्ह्यात शाळा आहेत, तंत्रनिकेतने आहेत. मगनवाडीच्या आवारात महात्मा गांधींच्या नावाची ग्रामीण औद्योगिकीकरणाची संस्था आहे. देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली सुरू केलेले ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, जेथे बांबू आणि माती यांवर घरबांधणीचे प्रयोग झाले. खाजगी जमिनीतला बांबूही २०१७ च्या दुरुस्तीने जंगल कायद्यातल्या झाडांच्या यादीतून सुटला. बुरुडाच्या हातांना काम देता येईल. मग विद्यार्थ्यांची एक स्पर्धा आपणही भरवावी. विषय साधाच असावा: कापसाच्या कामावरच्या बाईची बैठक.

अटी नव्याने शोधण्याची गरज नाही. १९२९ च्या अटी समोर ठेवाव्या. आठ तास बसता यावे, उठताना कमरेला झटका बसू नये. गावच्या वाढयाला किंवा बुरुडाला ती करता यावी आणि मोडली तर तेथल्या तेथे दुरुस्त व्हावी. किंमत रोजच्या मजुरीच्या हिशेबात सांगावी, म्हणजे कोणाची फसवणूक होणार नाही. तिला दोन नव्या अटी जोडाव्या. पहिली, परीक्षक त्या कामावरच्या बायाच असाव्यात, आणि निकाल एका दिवसात न देता कामावर बसून द्यावा. परीक्षेच्या वेळेची मजुरी त्यांना मिळावी. दुसरी, जी बैठक पसंत पडेल ती मालकाने घ्यावी, आणि ती करणाऱ्या कारागिराला पुरा दर मिळावा. शहांची हरकत आपण विसरू नये.

बक्षीस लाखाचे नसले तरी चालेल. लाखाचे बक्षीस एकदा लावून पाहिले आहे. ते कोणाला गेले नाही, आणि तरीही त्या स्पर्धेने आपल्याला जे प्रश्न दिले ते लाखाच्या मोलाचे होते. या वर्षी पावसाळ्यापूर्वी शाळांच्या मुख्याध्यापकांनी, कारखानदारांनी आणि आम्हां युनियनवाल्यांनी एकत्र बसावे, आणि कापसाचा हंगाम सुरू होईल तेव्हा पहिल्या दहा बैठका कामावर असाव्यात. बायांना बोलावणे आम्ही करतो. सुतारशाळेचे दार कोणी उघडावयाचे, ते या सभेतल्या जाणत्यांनी ठरवावे.